तुमची खेळी होईपर्यंत राक्षस थांबतो

तासाला वीस रुपये. २००५ च्या सुमारास कुर्डुवाडीत स्टेशनच्या बाजूला असलेल्या एका सायबर कॅफेचा हा दर होता, आणि आम्हा तिघांच्या खिशात मिळून वीसच रुपये असायचे. त्यामुळे खुर्ची एक, कीबोर्ड एक आणि डोकी तीन. खेळही एकच, 'पोकेमॉन फायररेड'. तो ज्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्ससाठी निघाला होता, ते यंत्र आमच्यापैकी कोणी पाहिलेलंही नव्हतं. कॅफेतल्या एका कॉम्प्युटरवर कोणीतरी त्या यंत्राची नक्कल करणारा एम्युलेटर टाकून ठेवला होता. पिकाचू कार्टून नेटवर्कवर भेटायचाच, त्यामुळे ओळख करून घ्यावी लागली नाही.

त्याआधी आमच्यासाठी व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा आणि त्यात खुपसायची कॅसेट. कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं आणि आत मारिओ, काँट्रा धरून तेच ते वीसेक खेळ फिरून फिरून यायचे. ज्याच्या हातात रिमोट तो राजा. बाकीचे 'मेलास ना, दे आता' म्हणत आपल्या नंबरची वाट बघायचे.

पोकेमॉननं हे उलटं केलं. गवतातून चालताना पडदा लकाकायचा, समोर एखादा प्राणी उभा राहायचा, खाली चार पर्याय यायचे: लढा, पिशवी उघडा, पोकेमॉन बदला, पळा. आणि मग खेळ गप्प. आम्ही काहीतरी ठरवेपर्यंत समोरचा प्राणी बोटसुद्धा हलवत नसे.

'आधी झोपव रे त्याला.'

'नको, बॉल टाक.'

'दोनच बॉल ऱ्हायलेत, येड्या.'

कॅफेवाल्याला वाटायचं पोरं भांडतायत. आम्ही खरं तर विचार करत होतो. कीबोर्डवर बोट एकाचं असलं तरी खेळी तिघांची असायची. पकडापकडी खेळताना दम लागला की आम्ही 'टाइम प्लीज' म्हणायचो आणि राज्य असलेला भिडू जागच्या जागी थांबायचा. या खेळातल्या लढाईला टाइम प्लीज जन्मतःच मिळालेली होती. थांबत नव्हतं ते फक्त कॅफेच्या भिंतीवरचं घड्याळ.

गेलं वर्षभर सुट्टीत गावी आलो की मी हे जुने जपानी खेळ एकेक करून पुन्हा खेळतोय. काही लहानपणी अर्धवट सुटलेले, काही तेव्हा नुसते नावाने माहीत असलेले. शेजारी भाचा असतो. त्याचा जन्म मोबाइलवर बंदुका चालवणाऱ्या पिढीतला, त्यामुळे पहिल्याच लढाईत त्यानं विचारलं, "मामा, हा मारत का नाही? हँग झालाय का?" हँग नाही झाला, तुझी वाट बघतोय, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हा लेख त्याच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे.

चौसष्ट केबीतलं राज्य

या प्रकाराला जगभर जेआरपीजी म्हणतात, जपानी रोल-प्लेइंग गेम. मूळ कल्पना मात्र अमेरिकन. १९८१ मध्ये तिकडे 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे दोन खेळ निघाले. तळघरात उतरायचं, राक्षसांशी पाळीपाळीनं लढायचं, बळ कमवायचं, असं त्यांचं स्वरूप. खेळ भारी, पण कॉम्प्युटर असलेल्या आणि जाडजूड माहितीपुस्तक वाचायची तयारी असलेल्या माणसांसाठी. युजी होरी नावाचा मासिकांत लिहिणारा एक जपानी लेखक त्यांच्या नादी लागला. कोइची नाकामुरा या तरुण प्रोग्रामरला सोबत घेऊन त्यानं ठरवलं, की हाच खेळ घरोघरी असलेल्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर, चार बटणांच्या हिशेबात, शाळकरी पोरांना कळेल असा करायचा. २७ मे १९८६ ला एनिक्स कंपनीनं 'ड्रॅगन क्वेस्ट' बाजारात आणला. चित्रं अकिरा तोरियामाची, म्हणजे 'ड्रॅगन बॉल' काढणाऱ्याचीच. संगीत कोइची सुगियामाचं.

सगळा खेळ ६४ किलोबाइटमध्ये. आज दिवाळीच्या शुभेच्छांचं एक चित्र मोबाइलवर येतं, ते याहून मोठं असतं. जागा इतकी कमी, की जपानी काताकाना लिपीतली फक्त वीस अक्षरं खेळात ठेवली आणि राक्षसांची नि मंत्रांची नावं त्या वीस अक्षरांत बसतील अशीच बेतली. नायकाला चारी दिशांची चित्रं परवडली नाहीत. तो कायम आपल्याकडे तोंड करून खेकड्यासारखा चालतो.

कुर्डुवाडीच्या माणसाला याचं नवल वाटू नये. आमचं गाव वाढलंच मुळी अशा काटकसरीच्या कारागिरीवर. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले, तेव्हा स्टेशनाचं नाव होतं बार्शी रोड. रूळ हलके, म्हणून त्यानं नियम घातला की इंजिन असो की डबा, कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला आणि ही चिमुकली गाडी पुढं १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. होरी आणि नाकामुरा यांनीही हेच केलं. भार वाटला. चित्रांना जे जमणार नव्हतं ते त्यांनी आकड्यांकडून करून घेतलं.

आता ते आकडे जवळून बघू. ड्रॅगन क्वेस्टच्या मालिकेत घावाचा ढोबळ हिशेब असा: आपल्या हल्ल्याच्या आकड्याचा निम्मा घ्यायचा आणि त्यातून समोरच्याच्या बचावाचा पाव हिस्सा वजा करायचा. थोडं नशीब वरखाली. हल्ला ६०, समोरचा बचाव ४०, तर तीस वजा दहा, म्हणजे वीसचा घाव. गुणाकार नाही, टक्केवारी नाही. चौथीतलं पोरगं तोंडी करेल असं गणित. पण त्याचा परिणाम बघा. वीसनं जास्त बळाची तलवार घेतली की घाव दहानं वाढतो. वीस बळाचं चिलखत घेतलं तर अंगावर येणारा घाव पाचनं कमी होतो. मग आधी काय घ्यायचं? समोर एकच राक्षस असेल तर तलवार, हे कोणीही सांगेल. पण गुहा लांब असेल आणि वाटेत पंधरा लढाया असतील, तर प्रत्येक घावातले ते पाच पाच वाचवलेले बरे. हा विचार खेळ आपल्याला शिकवत नाही. दुकानासमोर उभं करतो आणि थांबतो.

पहिल्या खेळात राजा आपल्या हातावर १२० सोन्याची नाणी ठेवतो. पहिल्या गावात सोटा ६०, साधे कपडे २०, कातडी चिलखत ७०, तांब्याची तलवार १८०, औषधी पाला २४, मशाल ८. सोटा, कपडे, एक पाला आणि दोन मशाली घेतल्या तर बरोबर १२० होतात. माझ्या भाच्यानं हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि पाच मिनिटांनी म्हणाला, "मामा, पाला एकच पुरेल का?" तेव्हाच मला कळलं की त्याला खेळ समजला.

शिदोरी

कारण खरी लढाई राक्षसाशी नसते. ती शिदोरीशी असते.

आषाढीला आमच्या स्टेशनवर उतरून पंढरपूरच्या गाडीची वाट बघणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. धडप्यातल्या भाकरी जाण्यापुरत्या नसतात, येण्याच्याही असतात. परतीची भाकरी जाताना खाऊन टाकणारा माणूस शहाणा समजला जात नाही. ड्रॅगन क्वेस्ट याच शहाणपणावर उभा आहे. गावाबाहेर पडलं की पावलापावलावर अवचित राक्षस भेटतात. एकेकटा राक्षस किरकोळ. पण प्रत्येक जण चार घाव घालून, थोडी ताकद, एखादा मंत्र, एखादा पाला खर्ची पाडून जातो. गुहेत किती खोल शिरायचं आणि कुठून मागं फिरायचं, हा निर्णय सगळ्या खेळाचा कणा आहे.

म्हणून या लढाईतला चौथा पर्याय मला सगळ्यात आवडतो: पळा. मारिओत पळणं हा पर्याय नसतो, तिथं पळणं हाच खेळ असतो. इथं पळणं ही एक खेळी आहे, तलवारीच्या आणि मंत्राच्या बरोबरीची, त्याच यादीत मांडलेली.

होरींनी आणखी एक गोष्ट केली, जी मला आज जास्त मोठी वाटते. लढाईत मेलात तर राजासमोर पुन्हा उभे राहता. सोनं निम्मं जातं, पण कमावलेला अनुभव सगळाच्या सगळा राहतो. म्हणजे हात चपळ नसलेला, नशीब फुटकं असलेला माणूसही नेटानं लागला तर शेवटी पोचतो. आजी-नातू दोघांनाही एकच खेळ खेळता येईल, असा हा नियम.

खेळ साठवायची सोय मात्र कार्ट्रिजमध्ये नव्हती. उठताना राजा वीस अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगायचा, तो कागदावर उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी टाकायचा. जपानी अक्षरांत 'मे' आणि 'नु' जुळ्या भावांसारखी दिसतात. आपल्याकडं घाईत लिहिलेला 'घ' की 'ध' आणि 'भ' की 'म' कळत नाही, तसंच. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. बॅटरीवर खेळ साठवायची सोय या मालिकेत तिसऱ्या भागात, म्हणजे १० फेब्रुवारी १९८८ ला आली. तो बुधवार होता. दुकानांपुढं इतक्या रांगा लागल्या आणि इतकी पोरं शाळा बुडवून आली, की पुढच्या भागांसाठी कंपनीनंच सुट्टीचा दिवस बघायला सुरुवात केली. तसा कायदा झाल्याची दंतकथा जगभर सांगितली जाते, पण कायदा कधीच झाला नाही.

आमच्या वाट्यालाही एक 'चुकलेलं अक्षर' आलं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही फायररेडमधल्या आठापैकी सहा बिल्ले मिळवले होते आणि एका सकाळी कॅफेत गेलो तर मशीन नवंकोरं. व्हायरस आला म्हणून फॉरमॅट मारलेलं. कोणाला काय सांगणार? तिघांनी वीस रुपये परत खिशात घातले आणि भेळ खाल्ली.

हवेत गेलेला वार

१८ डिसेंबर १९८७ ला स्क्वेअर कंपनीचा 'फायनल फँटसी' आला. हिरोनोबू साकागुची यांचा खेळ, संगीत नोबुओ उएमात्सूंचं आणि लढाईची मांडणी अकितोशी कावाझूंची. इथं आपले चार योद्धे उजवीकडे उभे राहिलेले दिसतात, डावीकडे राक्षसांची झुंड, एका वेळी नऊपर्यंत. चौघांनाही आधी हुकूम द्यायचे, मग फेरी सुरू. कोणाचा वार आधी पडेल ते नशिबावर.

या खेळात एक खाष्ट नियम आहे. समजा, समोर तीन गॉब्लिन आहेत, प्रत्येकाची ताकद आठ. पहिल्या गॉब्लिनवर मी दोघांना सोडलं आणि पहिल्याच्याच वारात तो मेला, तर दुसऱ्याचा वार हवेत जातो. तो आपणहून शेजारच्या गॉब्लिनकडे वळत नाही. वार वाया, फेरी वाया. त्यामुळे प्रत्येक फेरीला अंदाज बांधावा लागतो: हा एका वारात मरेल की दोन लागतील? एकाला मारायची खात्री करू की तिघांवर पसरू? गोट्या खेळताना 'हा एकाच टोल्यात जातोय' म्हणणारा भिडू जसा डोळा मिचकावून बघतो, तसं या आठ ताकदीच्या गॉब्लिनकडे बघावं लागतं.

पुढच्या आवृत्त्यांनी हा नियम काढला. लक्ष्य मेलं की वार आपोआप दुसऱ्यावर जातो. खेळणं सोपं झालं, पण मी दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ खेळलो तेव्हा जाणवलं की नव्या आवृत्तीत मी एकच बटण दाबत बसलो होतो. ज्या नियमाला आपण खोट म्हणत होतो, तो विचार करायला लावणारा खिळा होता.

सगळ्याच खोटींची अशी वकिली करायची नाही. मूळ खेळात औषधाच्या बाटल्या एकेक करून विकत घ्याव्या लागतात. पन्नास बाटल्या हव्या तर पन्नासदा तोच व्यवहार. वार वाढवणारा 'टेंपर' हा मंत्र प्रोग्रामच्या चुकीमुळे काहीच करत नाही. बुद्धीचा आकडा पडद्यावर दिसतो, त्याचाही काही उपयोग नाही. लोक तो मंत्र वर्षानुवर्षं श्रद्धेनं टाकत राहिले आणि राक्षस मेला की श्रेय मंत्राला देत राहिले. यावर अधिक बोलत नाही.

दुसऱ्या भागात, १९८८ मध्ये, कावाझूंनी अनुभवाच्या पायऱ्याच काढून टाकल्या. जे वापराल ते वाढेल: तलवार चालवा, तलवार वाढेल, मार खा, सहनशक्ती वाढेल. कल्पना सुंदर, अगदी तालमीतली. खेळाडूंनी काय केलं? एखादा दुबळा राक्षस शिल्लक ठेवून आपल्याच सोबत्यांना बडवायला सुरुवात केली, कारण मार खाल्ल्यानं ताकद वाढते. जे मोजाल तेच लोक करतील, मग मूळ हेतू गेला खड्ड्यात. आपल्या परीक्षापद्धतीवर लिहिणाऱ्यांनी हा खेळ एकदा खेळावा.

लूपवरची मालगाडी

१९९१ च्या 'फायनल फँटसी ४' पर्यंत ड्रॅगन क्वेस्टच्या पाळीपाळीच्या लढाईला पाच वर्षं झाली होती. हिरोयुकी इतो या डिझायनरनं फॉर्म्युला वन शर्यत बघितली. गाड्या वेगवेगळ्या वेगानं धावतायत, एक दुसरीला मागं टाकतेय. त्यावरून त्याला सुचलं, की लढाईत सगळ्यांची पाळी एकदम का यावी? प्रत्येक योद्ध्याचं आणि राक्षसाचं आपलं घड्याळ ठेवा. चपळ असेल त्याची पाळी लवकर, जड असेल त्याची उशिरा. तुम्ही पर्याय निवडत बसलात तरी राक्षसाचं घड्याळ चालूच. या पद्धतीला 'अ‍ॅक्टिव्ह टाइम बॅटल' म्हणतात. स्क्वेअरनं तिचं पेटंटही घेतलं.

शर्यत बघितली नसली तरी आम्हाला हे कळायला अडचण नाही. मुंबई-सोलापूर मार्गाचा भिगवण ते मोहोळ हा तुकडा अलीकडेपर्यंत एकेरी होता आणि कुर्डुवाडी त्याच तुकड्यात. मालगाडी लूपवर उभी करायची, मागून येणारी एक्स्प्रेस काढून द्यायची, समोरून येणारीची क्रॉसिंग घ्यायची. स्टेशनमास्तरच्या डोक्यात प्रत्येक गाडीचं वेगळं घड्याळ. जुनी ड्रॅगन क्वेस्टची लढाई म्हणजे एकेरी मार्गाचं टोकन: ते ज्याच्या हातात तोच पुढं जाणार, बाकीचे थांबणार. इतोंची लढाई म्हणजे गजबजलेलं जंक्शन.

जुन्या खेळाडूंना यात दम लागला. म्हणून मालिकेत 'वेट' नावाचा पर्याय आला. मंत्रांची किंवा वस्तूंची यादी उघडली की घड्याळ थांबतं. थोडक्यात, टाइम प्लीज. मी दोन्ही तऱ्हांनी खेळलो. चालू घड्याळात थरार जास्त, पण माझ्या हातून तेच तेच मंत्र पडतात, कारण विचार करायला उसंत नसते. थांबलेल्या घड्याळात मी यादीतला खालचा, कधी न वापरलेला मंत्र शोधतो. घाईतला माणूस सवयीनं वागतो, उसंत मिळालेला माणूस प्रयोग करतो. हे वाक्य स्वयंपाकघरालाही लागू आहे.

डाव हेच चलन

यानंतरच्या पंधरा वर्षांत जपानी कारागिरांनी या एका कल्पनेला किती अंगांनी फिरवून पाहिलं, ते थक्क करणारं आहे. चार नमुने देतो.

'मदर २' हा १९९४ चा खेळ, जगाला 'अर्थबाउंड' म्हणून माहीत असलेला. लेखक शिगेसातो इतोई. यात घाव बसला की ताकदीचा आकडा एकदम उतरत नाही. रिक्षाच्या जुन्या मीटरसारखी चाकं फिरत फिरत खाली येतात. प्राणघातक घाव बसला तरी मीटर शून्यावर यायच्या आत तुम्ही लढाई जिंकलीत किंवा औषध दिलंत तर माणूस वाचतो. पाळीपाळीचीच लढाई, पण छातीत धडधड. याच खेळात तुम्ही फार बलवान झालात तर किरकोळ राक्षस तुम्हाला बघून पळतात आणि गाठलाच एखादा, तर लढाई न होताच जिंकल्याचं जाहीर होतं. ज्या लढाईचा निकाल ठरलेला आहे ती लढायला लावून माणसाचा वेळ खाऊ नये, एवढी साधी माणुसकी.

'क्रोनो ट्रिगर', ११ मार्च १९९५. साकागुची, होरी आणि तोरियामा एकत्र आले. लढाईसाठी वेगळा पडदा नाही, जिथं गाठ पडली तिथंच लढाई. राक्षस इकडेतिकडे सरकतात, त्यामुळे एका रेषेत आले की एका वारात तिघे. दोन किंवा तीन सोबत्यांची खेळी एकत्र गुंफता येते. पण त्यासाठी आधी तयार झालेल्यानं थांबायचं. जोडीदाराची वाट बघणं हीच खेळी.

'फायनल फँटसी १०', २००१. इतोंचं घड्याळ काढून पुढच्या पाळ्यांची यादीच पडद्याच्या कडेला लावली. रेल्वेचं वेळापत्रकच जणू. शिवाय सोबत्यांना लढाई चालू असताना बदलता येतं आणि प्रत्येक राक्षस एकेक प्रश्न आहे. चपळ लांडगा आला की टिडस, उडणारा पक्षी आला की चेंडू फेकणारा वाक्का, चिलखती कवचाचा आला की जड तलवारीचा ऑरॉन, लिबलिबीत फ्लॅन आला की जादूगार लुलू. योग्य माणूस काढलात तर लढाई एका वारात संपते. चुकीचा काढलात तर रेंगाळते. भाचा इथं आला आणि पहिल्यांदा त्यानं माझ्या हातातून खेळ काढून घेतला.

आणि 'शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न', २००३, अ‍ॅटलस कंपनीचा. इथं डाव हेच चलन. आपले चार जण, म्हणून चार डाव. राक्षसाच्या वर्मावर घाव घातला तर अर्धाच डाव खर्च होतो. वार चुकला तर दोन जातात. ज्याला आग पचते त्याच्यावर आग टाकली तर सगळेच जातात. आणि हाच नियम राक्षसांनाही. एखाद्या किरकोळ टोळीनं आपलं वर्म ओळखलं तर तुमची पाळी यायच्या आत तुम्ही संपलेले असता. पहिल्यांदा मी तोंडात मारल्यासारखा बसून राहिलो. मग वही काढली.

वहीवरून पुन्हा पोकेमॉन आठवतो. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानात आलेल्या पहिल्या पोकेमॉनमध्ये १५१ प्राणी आणि १५ प्रकार. पाणी आगीला मारतं, आग गवताला, गवत पाण्याला. दगड-कागद-कात्रीचाच पसारा. हा खेळ रचणाऱ्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता, त्यातून हा खेळ आला. पण त्यांनी एक अजब अट घातली. समोरच्याला पकडायचं असेल तर तो मरता कामा नये. त्याला थकवायचा, पण संपवायचा नाही. सगळ्या लढाऊ खेळांत जास्तीत जास्त जोरानं मारायचं असतं. इथं किती हळू मारायचं याचा विचार. कॅफेत आमचे सगळ्यात मोठे वाद यावरच झाले. शिवाय प्रत्येक प्राण्याला फक्त चार डावपेच. पाचवा शिकवायचा तर जुना एक विसरायचा. योग्य प्रकाराचा घाव बसला की पडद्यावर येणारे 'सुपर इफेक्टिव्ह' हे शब्द मी इंग्रजीच्या तासाला शिकलेलो नाही.

सोयी आणि गैरसोयी

हे खेळ आता पुन्हा सजून आले आहेत. 'ड्रॅगन क्वेस्ट ३' ची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तोरियामांच्या निधनानंतर आठ महिन्यांनी. पहिले दोन भाग ऑक्टोबर २०२५ मध्ये. 'फायनल फँटसी'च्या पहिल्या सहा भागांच्या पिक्सेल रीमास्टर आवृत्त्यांत, २०२३ पासून कन्सोलवर, अवचित लढाया बटण दाबून बंद करता येतात आणि अनुभव चौपट करता येतो. ड्रॅगन क्वेस्टच्या नव्या आवृत्तीत सगळ्यात सोपी पातळी निवडली तर आपला माणूस मरतच नाही.

मी प्रामाणिकपणे सांगतो, काही सोयींनी मला सुख झालं. तेच तेच राक्षस तासन् तास मारून पातळी वाढवणं याला खेळाडू 'ग्राइंडिंग' म्हणतात, आणि दळण हा त्याला अगदी योग्य शब्द आहे. जुन्या खेळांत दळण फार होतं. खेळ लांबवण्यासाठी ते घातलेलं असायचं. मोठा झालेला माणूस, दोन दिवसांची सुट्टी, त्यानं दळत बसावं असं मी म्हणणार नाही.

पण अवचित लढाया बंद करून मी 'फायनल फँटसी'तल्या दलदलीच्या गुहेत उतरलो, जिथं पूर्वी विषानं आणि संपत आलेल्या औषधांनी माणूस रडकुंडीला यायचा, आणि दोन मिनिटांत चालत चालत तळाशी गेलो. गुहा रिकामी. पेट्या उघडल्या, बाहेर आलो. मागं फिरायचं का, हा प्रश्नच पडला नाही. तेव्हा लक्षात आलं की त्या गुहेत बघण्यासारखं कधी काही नव्हतंच. होता तो फक्त हिशेब. तो काढला आणि उरले राखाडी दगड.

मध्यंतरी सगळ्यांना वाटत होतं की थांबणारी लढाई संपली. 'फायनल फँटसी १६' नं २०२३ मध्ये ती सोडून पूर्ण धावपळीची लढाई घेतली. आणि एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरातल्या एका नव्या चमूनं 'क्लेअर ऑब्सक्यूर: एक्स्पिडिशन ३३' काढला, जुन्या जपानी खेळांना गुरू मानून. पाळीपाळीची लढाई, फक्त राक्षसाचा वार येताना नेमक्या क्षणी बटण दाबून तो चुकवायचा. जगभर डोक्यावर घेतला गेला. अमेरिकेतून जपानात गेलेली कल्पना चाळीस वर्षांनी फ्रान्समार्गे परत फिरली.

माझा निकाल असा आहे. जुन्या खेळांतलं दळण खुशाल टाका, एकेक बाटली विकत घेणं टाका, वीस अक्षरांचा मंत्र तर टाकाच. ठेवायच्या गोष्टी तीन. राक्षस हा अडथळा नसून प्रश्न असावा. उत्तर द्यायला उसंत असावी. आणि शिदोरी कधीतरी संपावी, म्हणजे मागं फिरण्याला अर्थ राहील. या तीनपैकी एकही गोष्ट चांगल्या चित्रांनी भरून निघत नाही.

या दिवाळीत घरात एखादा असा खेळ असेल, मोबाइलवर असेल, कन्सोलवर असेल, तर एक विनंती. अवचित लढाया चालूच ठेवा. अनुभव चौपट करायचा तर करा. आणि एकटे खेळू नका. शेजारी पोरांना बसवा, आईला बसवा, आणि प्रत्येक खेळीला विचारा, 'आता काय करू?' घाई करू नका. राक्षस कुठं जात नाही.